मटक्याची भाषा: आकडा, ओपन, क्लोज, जोडी

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या पोलीस कारवाईच्या बातम्या वाचणाऱ्यांना दोन शब्द चांगले ओळखीचे असतील: ‘तिरट’ आणि ‘कल्याण मटका’. तिरट म्हणजे तीन पानांचा पत्त्यांचा जुगार. पण मटक्याच्या चिठ्ठीवर फक्त आकडे आणि पैसे लिहिलेले असतात. मग यात मटका कुठला? आणि ठाण्याजवळचे कल्याण इथे कसे आले?

याची सुरुवात मुंबईच्या कापूस बाजारात झाली. न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे भाव मुंबईला कळवले जात. बाजार उघडतानाच्या आणि बंद होतानाच्या भावात कोणता आकडा येईल, यावर लोक पैसे लावू लागले. ‘ओपन’, ‘क्लोज’ आणि ‘आकडा’ हे शब्द तिथून आले. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हे भाव येणे थांबले, पण खेळ थांबला नाही. आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढू लागले, म्हणून ‘मटका’. पुढे मडके गेले, पत्ते आले. नाव मात्र राहिले.

कल्याण हे गाव नसून माणूस आहे. कच्छहून मुंबईला आलेल्या कल्याणजी भगत यांनी 1962 मध्ये वरळीत हा मटका सुरू केला. 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा मटका काढला. गिरणगावातला कामगार हा त्यांचा मोठा ग्राहक. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, पण मटका तोवर खेड्यापाड्यांत पोहोचला होता.

आता रीत पाहू. समजा 3, 5 आणि 6 ही तीन पाने निघाली. 356 हा झाला ‘पाना’. त्यांची बेरीज 14. तिचा शेवटचा अंक 4, हा ‘ओपन’. नंतर पुन्हा तीन पाने काढतात: 2, 8, 8. बेरीज 18, म्हणून ‘क्लोज’ 8. दोन्ही मिळून 48 ही ‘जोडी’. पैसे घेऊन चिठ्ठी देणारा तो एजंट, आणि ज्याच्याकडे सगळा हिशेब जातो तो ‘बुकी’. वहीला इंग्रजीत बुक म्हणतात, त्यावरून.

खरी गोम भावात आहे. एका आकड्याला साधारण एकास नऊ भाव मिळतो. शून्य ते नऊ असे दहा आकडे आहेत. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले, तर शंभर जातात आणि एक आकडा नक्की लागून नव्वद परत येतात. जोड्या शंभर, भाव एकास नव्वद. हिशेब तोच. म्हणजे कोणाचाही आकडा लागो, शंभरातले दहा वरच राहतात. पाने फिरवण्याची लबाडी यात धरलेलीच नाही.

हे शहाणपण जुने आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे सूक्त आहे. तेव्हाचे फासे म्हणजे बेहड्याची फळे. ‘कृत’ हे जिंकणारे दान आणि ‘कली’ हरणारे. उर्दूत जुगाराला ‘किमार’ म्हणतात. कुरआनात शब्द आहे ‘मैसिर’: इस्लामपूर्व अरब बाण काढून उंटाच्या मांसाचे वाटे ठरवत, तो खेळ. या शब्दाचे मूळ ‘सोपे, सहज’ या अर्थाच्या धातूत सांगतात. नावातच आमिष आहे: कष्टाविना मिळणारे.

आज चिठ्ठीच्या जागी मोबाईल आला. त्याचे शब्द आणखी गोड आहेत: गेम, बोनस, वॉलेट. ‘हरलो’ असे कोणी म्हणत नाही, ‘बॅलन्स संपला’ म्हणतात. 2025 मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मटक्यावर तर 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच, तरी बातम्या येतच आहेत.

म्हणून कायद्याबरोबर हिशेबही पोरांपर्यंत गेला पाहिजे. दहावीच्या गणितात ‘संभाव्यता’ हे प्रकरण आहे. तिथे नाणे आणि फासा असतो. शिक्षकांनी फळ्यावर एकदा शंभराचे नव्वद कसे होतात, हेही मांडावे. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे घरात येतात, त्या दिवसांत हे गणित पोरांना घरी बापाला सांगता येईल.