सार्वकालिक जीवन आणि नित्याचा दिवस

मराठी बायबलच्या प्रचलित आवृत्तीचे मुखपृष्ठ उलटले की प्रकाशनस्थळ म्हणून बंगळुरूचे नाव आढळते. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय त्या नगरात आहे. देहूच्या, नगरच्या वा वसईच्या भाषेत वाचला जाणारा हा ग्रंथ त्यामुळे कर्नाटकाच्या राजधानीचा शिक्का घेऊन मराठी घरांत येतो. त्या ग्रंथातील दोन शब्दांचा इतिहास मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने अवश्य लक्षात घ्यावा असा आहे. एक शब्द 'पुनरुत्थान' हा, तर दुसरा 'सार्वकालिक जीवन' हा. ख्रिस्ती श्रद्धेचा सारा भार या दोन शब्दांवर आहे, आणि मराठी मनाला हेच दोन शब्द सर्वांत परके वाटत आले आहेत.

या परकेपणाचे कारण उघड आहे. मराठी संतवाङ्मयाने घडविलेल्या मनाला मृत्यूनंतरचे जीवन ही नवलाची गोष्ट कधीच नव्हती. जन्ममरणाचा फेरा त्याला ठाऊक होता, आणि त्या फेऱ्यातून सुटका म्हणजे मोक्ष, हेही ठाऊक होते. 'पुन्हा जीवन' हे आश्वासन अशा मनाला वरदानापेक्षा शिक्षेसारखेच वाटण्याचा संभव अधिक. ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे मात्र निराळे होते. देह हे टाकून द्यावयाचे वस्त्र नव्हे. माणूस एकदाच जगतो, एकदाच मरतो, आणि देहासह उठविला जातो, असे ती सांगत होती. 'पुनर्जन्म' आणि 'पुनरुत्थान' या शब्दांत 'पुनर्' एवढेच समान आहे. पहिल्यात देह बदलतो आणि जीव टिकतो. दुसऱ्यात तोच माणूस आपल्या नावासह, आपल्या जखमांसह परत येतो.

हा भेद केवळ तत्त्वज्ञानाचा असता तर त्याची वासलात शास्त्रार्थात लागली असती. परंतु मरणोत्तर अवस्थेविषयीची श्रद्धा नित्याच्या व्यवहाराला वळण देते. नवा करार स्वतःच हे सुचवितो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौलाने पुनरुत्थानाची प्रदीर्घ मीमांसा केली आहे. पण तिचा शेवट स्वर्गाच्या वर्णनाने होत नाही. आपले श्रम व्यर्थ जाणार नाहीत हे जाणून कामात स्थिर राहावे, असा साधा उपदेश करून तो अध्याय संपतो. योहानाच्या शुभवर्तमानात तर सार्वकालिक जीवनाची व्याख्याच देवाची ओळख अशी केलेली आहे. म्हणजे ते जीवन मृत्यूनंतर सुरू होणारे नसून, याच आयुष्यात आरंभ पावणारे आहे. महाराष्ट्रातील आणि त्याच्या सीमेवरील ख्रिस्ती माणसांनी हा उपदेश आपल्या जगण्यात कसा उतरविला, हा खरा ऐतिहासिक प्रश्न होय.

या इतिहासाचा पहिला ठळक टप्पा गोव्यातील फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' हा आहे. 1579 मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा मराठीत सांगितली. 1616 साली ती प्रथम छापली गेली, आणि पुढे त्याच शतकात आणखी दोनदा. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या पुराणांच्या जागी ऐकावयास काही तरी हवे होते, आणि ही उणीव भरून काढणे हा या ग्रंथाचा हेतू होता. स्टीफन्सने स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्यास संकोच केला नाही. शब्द जुना ठेवून आशय नवा भरावयाचा, ही त्याची रीत होती. दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताच्या मरणापाठोपाठ पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण येते, तेव्हा ऐकणाऱ्याला ओवीची चाल ओळखीची वाटते आणि तिच्यातून येणारी बातमी मात्र अनोळखी.

ही बातमी सिद्धान्त म्हणून दिलेली नसून गायली गेली, हे महत्त्वाचे. गोवा सोडून कानडा किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी 'क्रिस्तपुराण' आपल्याबरोबर नेले, आणि जोसेफ सालढाणा यांनी 1907 मध्ये त्याची आवृत्ती मंगळूरला प्रसिद्ध केली, ती या परंपरेच्या आधारावरच. देश सुटला, राजसत्ता बदलली, 1684 मध्ये पोर्तुगीज शासनाने लोकभाषेवर बंदीचा हुकूम काढला. तरी ओवी टिकली. ज्या समाजाला आपली भूमी सोडावी लागली, त्याला मरणाने कथा संपत नाही हे सांगणारे पुराण जवळचे वाटावे, यात नवल नाही.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. सेरामपूरच्या छापखान्यातून 1811 मध्ये विल्यम कॅरीचा मराठी नवा करार बाहेर पडला. 1813 पासून मुंबईत आणि 1831 पासून अहमदनगरास अमेरिकन मिशनचे काम सुरू झाले, आणि 1842 मध्ये 'ज्ञानोदय' निघाले. या काळातील मिशनरी लेखनात ओवीची जागा वादाने घेतली. पुनर्जन्म खोटा व पुनरुत्थान खरे, हे सिद्ध करण्यात पुष्कळ शाई खर्ची पडली. त्या वादाचे वाङ्मयीन मोल आज फारसे उरलेले नाही. नरकाच्या भयावर दिलेल्या भराने तर सार्वकालिक जीवनाची कल्पना अनेकदा संकुचितच केली, हेही मान्य करावयास हवे.

परंतु याच काळात या श्रद्धेची किंमत माणसांनी प्रत्यक्ष मोजली. धर्मांतर करणाऱ्या ब्राह्मणाला त्याची जात मृत मानीत असे. घटस्फोटाचा विधी म्हणजे जिवंत माणसाची उत्तरक्रियाच. बेळगावात 1831 मध्ये जन्मलेले बाबा पदमनजी 1854 मध्ये ख्रिस्ती झाले. 'यमुनापर्यटन' ही त्यांची कादंबरी 1857 ची, आणि 'अरुणोदय' हे आत्मचरित्र 1888 चे. आत्मचरित्राला दिलेले हे नावच बोलके आहे. सभोवतालच्या समाजाच्या लेखी जेथे एक आयुष्य मावळले, तेथे लेखकाच्या लेखी उजाडले होते. मेल्यावर उठणे ही कल्पना या पिढीला दूरच्या अंत्यदिनाची राहिली नाही. आप्तांच्या दृष्टीने मेलेले असतानाच दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाणी भरावयाचे, चरितार्थ शोधावयाचा, अशी ती रोकडी कसोटी होती. यात दुसऱ्या बाजूचे दुःखही विसरता येत नाही. एकाने सार्वकालिक जीवनाचा ध्यास घ्यावा आणि मागे राहिलेल्या आईने वा पत्नीने जिवंतपणी वियोग भोगावा, हा या इतिहासातील न फिटलेला हिशेब आहे.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात या श्रद्धेचे सर्वांत कृतिशील रूप दिसते. कर्नाटकातील सह्याद्रीत, गंगामूळच्या अरण्यात 1858 साली त्यांचा जन्म झाला. 1870 नंतरच्या दुष्काळात त्यांच्या कुटुंबाने दक्षिणेत जे भोगले, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. द्रव्य संपले, अन्न संपले, आणि वृद्ध अनंतशास्त्री डोंगरे यांनी पवित्र जलात देह टाकण्याचा विचार केला. मुलाने मजुरी करण्याची तयारी दाखविल्याने तो विचार मागे पडला. परंतु थोड्याच अवधीत वडील, आई आणि बहीण तिघेही गेले. जेथे शास्त्री पुरुषाला मजुरीपेक्षा जलसमाधी सोपी वाटते, अशा जगातून ही मुलगी बाहेर पडली होती. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर, आणि 1889 मध्ये शारदासदन काढल्यानंतर, 1896-97 च्या दुष्काळात तिने मध्य प्रांतातून उपाशी मुली व विधवा गोळा करून आणल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातूनच वाढले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

देहाविषयीची श्रद्धा येथे दिनक्रमात उतरलेली दिसते. केडगावात शेती होती, विणकाम होते, छापखाना होता, अंध स्त्रियांसाठी वाचनाची सोय होती. देह उठविला जाणार असेल तर तो आजही जपण्याजोगा आहे. परित्यक्तेचा, आंधळीचा, दुष्काळात हाडे उरलेल्या मुलीचा देहही त्याला अपवाद नाही. हे प्रमेय रमाबाईंनी ग्रंथात मांडले नसेल. त्यांनी ते धान्याच्या कोठारात आणि पाण्याच्या विहिरीत मांडले. परलोकावर दृष्टी ठेवणारा माणूस इहलोकाविषयी उदासीन होतो, हा आक्षेप सर्वत्र खरा ठरतो असे नाही, याचा हा मराठी पुरावा होय.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. संस्कृतप्रचुर धर्मभाषेतील जुने अर्थ आपल्या मजकुरात शिरू नयेत, आणि अल्पशिक्षित बाईलाही तो कळावा, असा त्यांचा कटाक्ष होता. त्यामुळे ती भाषा ठिकठिकाणी खडबडीत झाली आहे. अक्षरे जुळविणाऱ्या आणि छापणाऱ्या केडगावच्याच स्त्रिया होत्या. 1921 च्या जुलैमध्ये कन्या मनोरमा गेली. एकुलत्या एका मुलीच्या मृत्यूनंतर हे काम थांबले असते तरी कोणी दोष दिला नसता. ते थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. शोकातही मुद्रितांवरून दृष्टी न हलणे, हा त्या पंधराव्या अध्यायाच्या शेवटावरचा भाष्यग्रंथच म्हणावा लागेल.

रमाबाईंनी जो मार्ग टाळला, तोच नारायण वामन टिळकांनी पत्करला. 1861 मध्ये करजगावी जन्मलेले आणि 1895 मध्ये ख्रिस्ती झालेले टिळक तुकारामांच्या आधारानेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे मानीत. त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. रमाबाईंना जुन्या शब्दांचे भय वाटले. टिळकांना त्यांत माहेर दिसले. भाषाविषयक भूमिका इतक्या विरुद्ध असूनही श्रद्धा एकच असू शकते, हे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे वैशिष्ट्य आहे.

या श्रद्धेची टिळकांनी घेतलेली परीक्षा मात्र अपूर्व होती. ख्रिस्ती माणसाने देह मातीत ठेवावयाचा, हा रूढ संकेत. रोमन कॅथलिक चर्चने 1886 मध्ये दहनास मनाई केली होती, ती 1963 पर्यंत शिथिल झाली नाही. इतर पंथांतही दफन हीच रीत होती. टिळकांनी आपल्या देहाचे दहन व्हावे अशी इच्छा नोंदवून ठेवली. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाल्यावर त्याप्रमाणे दहन झाले, आणि रक्षा अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) ख्रिस्ती स्मशानभूमीत ठेवण्यात आली. पुनरुत्थानावर विश्वास उरला नाही म्हणून ही इच्छा होती, असे समजणे चुकीचे ठरेल. ज्या देवाने माती घडविली त्याला राखेची अडचण नाही, हे उत्तर फार प्राचीन आहे. देह पुरला गेला नाही म्हणून श्रद्धावंताचे काही बिघडत नाही, असे ऑगस्टिननेही सांगितले आहे. टिळकांच्या इच्छेत निराळी गोष्ट होती. पूर्वजांच्या अग्नीशी नाते तोडल्यावाचून ख्रिस्ती आशा बाळगता येते, हे त्यांना अखेरच्या कृतीनेही दाखवावयाचे होते. ज्या श्रद्धेने आप्तांपासून दूर नेले, तिनेच मरणात त्यांच्या रीतीकडे परत आणावे, यात त्या न फिटलेल्या हिशेबाची अंशतः फेड आहे.

तो हिशेब सर्वांत स्पष्टपणे मांडला लक्ष्मीबाई टिळकांनी. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागली. पतीच्या धर्मांतराने आलेला दीर्घ वियोग, त्या काळातील मनाची होरपळ, आणि पुन्हा एकत्र आल्यानंतरची सोवळ्याओवळ्याची झुंज त्यांनी ज्या निर्लेप विनोदाने सांगितली आहे, तो मराठी गद्याचा अलंकार आहे. त्यांचा 1900 मधील बाप्तिस्मा सिद्धान्तांच्या वाटेने आलेला नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाला पंक्तीस घ्यावे, या स्वयंपाकघरातील प्रश्नांच्या वाटेने तो आला. सार्वकालिक जीवन हा शब्द त्यांच्या लेखनात फारसा घुमत नाही. दाराशी आलेल्या पोराला घरात घेणे, रोग्याजवळ बसणे, हसून पुढे जाणे, या कृतींतच तो विरघळून गेलेला आहे.

बंगळुरूतही या प्रश्नाचा निराळ्या अंगाने विचार झाला. 1957 मध्ये तेथे स्थापन झालेल्या ख्रिस्ती धर्म व समाज अभ्यास संस्थेत पी. डी. देवनंदन आणि त्यांच्यानंतर एम. एम. थॉमस यांनी ख्रिस्ती आशेचा संबंध स्वतंत्र भारताच्या राष्ट्रबांधणीशी आणि सामाजिक न्यायाशी जोडून दाखविला. मराठी परंपरेला हे नवे नव्हते. केडगावाने ते न बोलता केले होते. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942–2024) यांनी 'सुबोध बायबल' लिहिणाऱ्या हातांनीच वसईच्या हिरव्या पट्ट्याच्या रक्षणाची चळवळ चालविली, तेव्हा ग्रंथ आणि जमीन या दोहोंत त्यांना भेद वाटला नाही.

या साऱ्याचा निष्कर्ष एका अपूर्ण ग्रंथात सापडतो. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले आणि थोडे अध्याय लिहून ते गेले. उतारवयात लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले. शालेय शिक्षण न लाभलेल्या त्या बाईने त्याचा फार मोठा भाग रचला, आणि 1936 मध्ये त्याही गेल्या. शेवटची भर मुलाने, देवदत्त टिळकांनी, घातली आणि ग्रंथ 1938 मध्ये प्रकाशित झाला. काव्यगुणांच्या दृष्टीने त्यावर मतभेद होऊ शकतात. परंतु कामाच्या मध्येच मरण आले तरी काम वाया जात नाही, या विश्वासाने तीन माणसांनी एकच ओळ पुढे नेली, ही घटना मतभेदापलीकडची आहे. श्रद्धेचे मोजमाप मृत्यूपलीकडे काय घडते यावरून करणे मानवी सामर्थ्याबाहेरचे आहे. इतिहासाला एवढेच दिसते की, त्या श्रद्धेने काही मराठी माणसांचा नित्याचा दिवस अधिक भरीव केला.