कंपवाताच्या मोजमापाचा इतिहास

कंपवात किंवा पार्किन्सनचा आजार ओळखण्याची आणि त्याची तीव्रता ठरवण्याची मदार प्रामुख्याने डॉक्टरांच्या नजरेवर राहिली आहे. लंडनचे जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर निबंध लिहिला तो अवघ्या सहा रुग्णांच्या आधारे. त्यांतले काही त्यांना रस्त्यात दिसले होते, तर एकाला त्यांनी केवळ दुरून पाहिले होते.

पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांनी ताठरपणा आणि हालचालींतला मंदपणा ही लक्षणे कंपापासून वेगळी काढली. हात स्वस्थ असताना होणारा कंप आणि वस्तू घ्यायला जाताना होणारा कंप यांतला फरकही त्यांनी दाखवला. आजाराला पार्किन्सन यांचे नाव रूढ झाले ते शार्को यांच्यामुळेच.

१९६० च्या दशकात लेव्होडोपा हे औषध आले. रुग्णाला किती गुण आला, हे सांगायला आता आकडा हवा होता. मार्गारेट होन आणि मेल्व्हिन यार यांनी १९६७ मध्ये पाच टप्पे मांडले. एकाच बाजूची लक्षणे हा पहिला टप्पा, तर मदतीशिवाय अंथरूण किंवा चाकांची खुर्ची न सुटणे हा पाचवा. १९८७ मध्ये प्रत्येक लक्षणाला ० ते ४ गुण देणारी एकत्रित मापनश्रेणी आली. पण तिच्यातही एका डॉक्टरांना ‘सौम्य’ वाटणारा कंप दुसऱ्यांना ‘मध्यम’ वाटू शके.

२००८ च्या सुधारित श्रेणीने ही संदिग्धता कमी केली. हाताचा कंप १ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर १ गुण, ३ ते १० सेंटिमीटर असेल तर ३ गुण. रुग्णाने तर्जनी अंगठ्यावर दहा वेळा भरभर आपटायची. त्यात लय ३ ते ५ वेळा तुटली तर २ गुण. तरीही लय नेमकी कुठे तुटली, हे शेवटी डोळेच ठरवतात. शिवाय औषधाचा अंमल आणि मनावरचा ताण यांनुसार त्याच रुग्णाची लक्षणे तासाभरातही बदलतात. म्हणून तपासणीच्या वेळी औषधाचा परिणाम होता की नव्हता, याची नोंद केली जाते.

निदानातही नजर चुकते. लंडनमध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हयातीत पार्किन्सनचे निदान झालेल्या १०० जणांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी झाली. निदान खरे ठरले ७६ जणांत. निकष काटेकोर करण्याची निकड त्यातून ठळक झाली. २०१५ च्या निकषांत लेव्होडोपाने येणारा स्पष्ट गुण निदानाला बळ देतो, तर काही लक्षणे निदानाविरुद्ध धरली जातात. मेंदूतील डोपामिन या रसायनाचे स्कॅन मदतीला येते, पण पार्किन्सनसारख्याच दिसणाऱ्या काही आजारांतला फरक त्यातून कळत नाही. त्यामुळे रुग्णाला वरचेवर तपासणे आणि गरजेनुसार निदानाचा फेरविचार करणे, हा उपचारांचाच भाग ठरतो.