धनको की राज्यकर्ता?

पाप हे ऋण, तर ईश्वराने ते एका शब्दाने का सोडू नये? ख्रिस्ताच्या बलिदानाचे मग प्रयोजन काय? फाउस्टुस सोसिनुस ह्या इटालियन विचारवंताचा १५९४ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ हीच शंका घेतो. तिला १६१७ साली उत्तर दिले ते रॉटरडॅमच्या एका अधिकाऱ्याने, कायदेपंडित ह्यूगो ग्रोटियस ह्याने. ईश्वर धनको नव्हे, राज्यकर्ता आहे, असे तो म्हणतो. धनको आपले येणे खुशाल सोडील. राज्यकर्त्यास शिक्षा माफ करता येते, परंतु कायद्याची बूज राखूनच. क्रूस ही ती बूज.

सरकारी दप्तरे हाताळणाऱ्या आम्हां मंडळींना ही मांडणी चटकन पटते. तथापि कायद्याच्या धाकासाठी निरपराध्यासच का वेठीस धरावे, ह्याचे समाधान आम्हांस तीत सापडत नाही. ख्रिस्त स्वेच्छेने पुढे झाला, हे खरे; पण न्यायाधीशाने ते मान्य का करावे?

पुढे हॉलंडमधील धार्मिक आणि राजकीय तंट्यात, १६१९ साली, खुद्द ग्रोटियसलाच जन्मठेप झाली. राज्यकर्त्यांनी सूट दिली नाही. १६२१ मध्ये पत्नीच्या युक्तीने पुस्तकांच्या पेटाऱ्यात दडून तो लूव्हेस्टाइनच्या किल्ल्यातून निसटला.