मसाला उदबत्ती

मसाला उदबत्ती (मसाला अगरबत्ती) हा सुगंधी वनस्पतींची पूड, राळ आणि तेले यांचा लगदा बांबूच्या काडीवर वळून तयार केलेल्या उदबत्तीचा प्रकार आहे. दुसऱ्या प्रकारात कोळसा किंवा भुशाचा लेप असलेली कोरी काडी द्रवरूप सुगंधात बुडवून वाळवतात. दोहोंतील सीमारेषा काटेकोर नाही. अनेक मसाला उदबत्त्यांतही कोळशाची पूड व कृत्रिम सुगंधी द्रव्ये आढळतात. बंगळूर आणि म्हैसूर ही उत्पादनाची प्रमुख केंद्रे असून 'म्हैसूर अगरबत्ती'ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सुगंधी द्रव्ये व धूप सिद्ध करण्याच्या शास्त्राचे विवेचन वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'तील गंधयुक्ती प्रकरणात आढळते.

घटक

चंदन, वाळा, नागरमोथा, कपूरकचरी, जटामांसी, दालचिनी, लवंग, गुग्गुळ आणि ऊद हे प्रचलित घटक आहेत. लगदा चिकटून राहावा म्हणून मैदालकडीच्या सालीची पूड वापरतात. नागचंपा प्रकारात 'हलमड्डी' ही राळ परंपरेने वापरली जाते. ती *आयलँथस ट्रायफिसा* या वृक्षापासून मिळते आणि हवेतील आर्द्रता शोषते; त्यामुळे अशी उदबत्ती मऊ व किंचित ओलसर लागते. हा ओलसरपणा दोष मानला जात नाही.

गुणवत्तेचे परीक्षण

न पेटवलेल्या काडीचा वास आणि तिच्या धुराचा वास भिन्न असतात. थंड काडीतून मुख्यतः बाष्पनशील तेलांचा वास येतो. पेटल्यावर निखाऱ्यालगतच्या उष्णतेने जड तेले व राळ बाहेर पडतात, तर निखाऱ्यात लाकूड, कोळसा आणि काडीचा बांबू जळतो. त्यामुळे पाकिटातील उग्र सुवास हा गुणवत्तेचा पुरावा ठरत नाही. परीक्षणात पुढील बाबी पाहतात:

* लेपाची जाडी सर्वत्र सारखी असणे आणि तो सहज न झडणे;
* ज्योत विझवल्यावर काडी मध्येच न विझता संथपणे जळत राहणे;
* सुवासावर जळक्या बांबूचा किंवा कोळशाचा वास वरचढ न होणे;
* काडी संपल्यावरही खोलीत सौम्य सुवास रेंगाळणे.

सुवास धुराजवळ नाक न नेता काही अंतरावरून घेतात. सतत वास घेतल्याने घ्राणेंद्रिय त्या वासाला सरावते. म्हणून एका वेळी एकच काडी लावून दोन चाचण्यांमध्ये खोलीत मोकळी हवा खेळू देतात.

मर्यादा

केवळ वासावरून घटकांची शुद्धता सिद्ध होत नाही. चंदन महाग व दुर्मीळ असल्याने त्याच्या वासाची कृत्रिम द्रव्ये सर्रास वापरली जातात; त्यांची खात्री प्रयोगशाळेतील रासायनिक विश्लेषणानेच होते. नैसर्गिक घटकांची उदबत्तीही धूरविरहित नसते. तिच्या ज्वलनातून सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात. त्यामुळे उत्तम सुवास हे निरुपद्रवीपणाचे लक्षण नाही. दम्याच्या रुग्णांना हा धूर त्रासदायक ठरू शकतो आणि बंद खोलीत त्याचे प्रमाण वाढते.

साठवण

उष्णता, ऊन आणि उघडी हवा यांमुळे बाष्पनशील तेले उडून जातात. त्यामुळे उदबत्त्या घट्ट झाकणाच्या डब्यात थंड, कोरड्या जागी ठेवतात. निरनिराळ्या सुवासांच्या काड्या एकत्र ठेवल्यास वास एकमेकांत मिसळतात.