हैदराबाद सिटी पोलीस: एका फुटबॉल संघाची वाटचाल

धाराशिव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याचं नाव आपल्याकडे निघतं ते निजाम, रझाकार आणि मुक्तिसंग्रामाच्या ओघात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच राज्याच्या राजधानीत पोलीस खात्याचा एक फुटबॉल संघ घडत होता. त्या संघाची गोष्ट आपल्या जिल्ह्यात फारशी सांगितली जात नाही, याची खंत वाटते.

ही गोष्ट आहे फुटबॉल कसा खेळावा याची, आणि हा वाद जुना आहे. लंडनमध्ये १८६३ साली फुटबॉल असोसिएशन स्थापन होताना चेंडू हातात घेऊन पळावं की नाही, प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारावी की नाही, यावरून फूट पडली. पुढे १८७१ मध्ये रग्बीवाल्यांनी वेगळी संघटना काढली. रग्बीत हाताने पास पुढे देता येत नाही. पुढे जायचं तर चेंडू घेऊन पळा, नाहीतर लाथेने मारा. फुटबॉलमध्ये पास कुठेही द्या, मैदानात हात मात्र गोलकीपरनेच लावायचा. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर रग्बी आणि तिथून जवळच कूपरेजवर फुटबॉल, असे हे दोन भाऊबंद नांदत आले.

आपल्या देशात फुटबॉलचीही आपली एक रीत पडली होती. सामना ७० मिनिटांचा, बरेच खेळाडू अनवाणी, आणि चेंडू पायाशी खेळवत एकट्याने दोघातिघांना चकवणारा तो मोठा. जगात सामना ९० मिनिटांचा होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपल्या संघाने अनवाणी पायांनी फ्रान्सला घाम फोडला, तरी सामना १-२ असा गेला. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं हरवलं.

सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक. हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाती आला आणि त्यांनी या रीतीलाच हात घातला. ड्रिब्लिंगला, म्हणजे चेंडू पायाशी खेळवत चकवण्याला, बंदी असलेल्या स्पर्धा त्यांनी भरवल्या. डावखुऱ्या खेळाडूने उजव्या पायानेच आणि उजव्या पायाच्या खेळाडूने डाव्या पायानेच खेळायचं, अशाही भरवल्या. ड्रिब्लिंगच बंद म्हटल्यावर चेंडू यायच्या आधीच मान वर करून सोबती कुठे आहे ते हेरावं लागतं. आणि सोबत्यालाही मोकळी जागा धरून पळत राहावं लागतं. नियमच असा केला, की ओरडून शिकवायची गरज उरली नाही. माझ्या मते भारतीय फुटबॉलला मिळालेली ही सर्वांत मोलाची शिकवण.

फळ लगेच दिसलं. १८९१ पासून चालत आलेला मुंबईचा रोव्हर्स कप या संघाने १९५० ते १९५४ असा लागोपाठ पाच वेळा जिंकला. १९५० मध्ये ड्युरँड कपही नेला. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन असे या संघाचे खेळाडू देशाकडून खेळले. रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. हैदराबाद राज्याचं विभाजन होऊन महिना झाला असेल-नसेल, तोच मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवून उपांत्य फेरी गाठली. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने त्यात तीन गोल केले. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याहून वर आपण कधीच गेलो नाही.

संघ पुढे आंध्र प्रदेश पोलीस म्हणून खेळला आणि १९६० मध्ये त्याने पुन्हा रोव्हर्स जिंकला. १९६२ मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून भारताने दुसरं आशियाई सुवर्ण घेतलं. तेव्हा रहीम कर्करोगाने आजारी होते. १९६३ च्या जूनमध्ये ते गेले.

धाराशिव खो-खोचा जिल्हा आहे. इथल्या खो-खोपटू सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. खो मिळताच क्षणात आपली जागा सोडून पळायची सवय इथल्या पोरांना लहानपणापासून असते, आणि रहीम यांच्या फुटबॉललाही तीच लागते. जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांना एकच विनंती: येत्या हंगामात ड्रिब्लिंग बंद असलेली एक शालेय फुटबॉल स्पर्धा भरवा, आणि तिला रहीम यांचं नाव द्या.