रूढी, शरीयत आणि मुलीचा वाटा

भगिनींनो, मुसलमान मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा आहे, हे आपण ऐकून असतो. कुराणाने तो चौदाशे वर्षांपूर्वी ठरवून दिला. भावाच्या निम्मा का होईना, पण हक्काचा. मग तो सर्व मुलींच्या पदरात पडला काय? याचे उत्तर मुंबईच्या इतिहासात सापडते.

खोजा व कच्छी मेमन हे तेथील व्यापारी समाज. त्यांचे पूर्वज हिंदू होते. धर्म बदलला, पण वारशाची रीत जुनीच राहिली. मुलीला पोषण व लग्नखर्च, मिळकत मुलग्यांना. सन १८४७ मध्ये या समाजांतील मुलींनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात कुराणाप्रमाणे वाटा मागितला. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी चालत आलेली रूढीच प्रमाण मानली. मुली हरल्या.

पुढे नव्वद वर्षांनी, सन १९३७ मध्ये, शरीयत कायदा झाला. निकाह, तलाक, मेहर, पोटगी व वारसा यांत रूढी बाजूस सारून शरीयत लागू करावी, असे त्याने ठरविले. मुसलमान स्त्रियांच्या संस्थांनी रूढीचा निषेध केला होता, हे कायद्याच्या उद्देशांतच नमूद आहे. बायका एकत्र बोलल्या म्हणजे काय होते, याचा हा दाखलाच होय.

परंतु शेतजमीन त्या कायद्यातून वगळली गेली. मद्रासने १९४९ साली व केरळने १९६३ साली दुरुस्ती करून ती आत घेतली. व्यापाऱ्याची मिळकत पेढीत असते. आपल्या तापीकाठी मिळकत म्हणजे काळी जमीन. तीच वगळली तर मुलीच्या हाती काय उरते?

मेहरचेही तसेच. ते नवऱ्याने बायकोला द्यावयाचे असते. रूढीने मात्र उलट, मुलीच्या बापाकडून हुंडा घेण्याची चाल कित्येक घरांत शिरविली. सन १९६१ च्या कायद्याने हुंडा सर्वच धर्मीयांना बंद केला व मेहर त्यातून वेगळे ठेवले.

आपण हिंदू बायकांनीही हसू नये. सन १९५६ च्या कायद्याने मुलीला वारसा मिळाला, २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत भावाएवढा वाटाही मिळाला. तरी हक्कसोडपत्रावर सही होतेच. आखाजीला माहेरचे बोलावणे येणार नाही, ही भीती कोणत्या कायद्याने जाणार?

धर्म निरनिराळे, पण मुलीचा वाटा गिळणारी रूढी एकच. म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा, आणि आपल्या लेकीचा वाटा आपणच आधी बोलून दाखवावा.