गाडी तीच, की तिच्यासारखी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भोरचा राजवाडा ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, त्यांनीही तो पडद्यावर कधी ना कधी पाहिलेला असतो. पंतसचिवांचा हा वाडा चित्रपटांत आणि मालिकांत कधी जमीनदाराची हवेली होतो, तर कधी भलत्याच संस्थानिकाचा महाल. चित्रीकरण आटोपले, सामान ट्रकमध्ये चढले, की तो पुन्हा भोरचा राजवाडा. वाडा जागचा हलत नाही, त्यामुळे हा तोच वाडा का, असा प्रश्न कोणी विचारत नाही.

मोटारगाडीचे तसे नसते. ती हातोहात विकली जाते, ठोकली जाते, तिचे भाग बदलतात. शिवाय हुबेहूब तिच्यासारख्या हजारो गाड्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या असतात. अशी एखादी गाडी दूरचित्रवाणीवर गाजली, पुढे भंगारात गेली आणि एखाद्या हौशी माणसाने ती पुन्हा उभी केली, तर ती 'तीच' गाडी म्हणायची का? प्रश्न गमतीचा वाटतो. पण त्यावर लाखो रुपयांचे व्यवहार अडतात, खटले उभे राहतात आणि इतिहास खरा की सजवलेला, हेही त्यावरच ठरते.

अमेरिकेत १९७९ ते १९८५ या काळात 'द ड्यूक्स ऑफ हझार्ड' ही मालिका चालली. 'जनरल ली' नावाची नारिंगी रंगाची डॉज चार्जर गाडी हीच तिची खरी नायिका. प्रत्येक भागात ती ओढ्यानाल्यांवरून उडी मारायची. पडद्यावर गाडी एकच; प्रत्यक्षात मात्र एकेका उडीत एकेक गाडी मोडत गेली आणि मालिका संपेपर्यंत किमान अडीचशे गाड्या खर्ची पडल्या. मग खरी 'जनरल ली' कोणती? ११ नोव्हेंबर १९७८ रोजी जॉर्जिया राज्यात जिने पहिली मोठी उडी घेतली, ती गाडी खाली आदळून निकामी झाली होती. अनेक वर्षे ती भंगारात पडून राहिली. पुढे मालिकेच्या चाहत्यांनी ती शोधून काढली, दुरुस्त केली आणि २०१२ मध्ये लिलावात गोल्फपटू बब्बा वॉटसन यांनी १ लाख १० हजार डॉलरना ती घेतली.

गोष्ट इथे संपत नाही. या गाडीच्या छतावर यादवी युद्धातील दक्षिणेकडच्या गुलामगिरीवादी राज्यांचा झेंडा रंगवलेला होता. २०१५ मध्ये त्या झेंड्यावरून अमेरिकेत मोठा वाद उसळला, तेव्हा तो पुसून राष्ट्रध्वज रंगवणार असल्याचे वॉटसन यांनी जाहीर केले. माणूस म्हणून ही भूमिका कोणालाही पटावी. पण लाखो प्रेक्षकांनी जी पाहिली, ती गाडी झेंड्यासह होती. म्हणजे सांगाडा अस्सल ठेवूनही ओळख बदलू शकते. उलट पाहिले, तर ओळखीची सारी चिन्हे कोणत्याही दुसऱ्या चार्जरवर रंगवता येतात.

भाग मोजून उत्तर मिळत नाही, हे इंग्लंडमधल्या एका न्यायालयाने १९९० मध्ये सांगितले. 'ओल्ड नंबर वन' या टोपणनावाच्या बेंटले गाडीने १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. १९३२ मध्ये तिला भीषण अपघात झाला आणि त्यात तिचा चालक मरण पावला. त्यानंतर तिच्यावर वेगळी बॉडी चढली. पुढे एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला, तेव्हा घेणाऱ्याने हात आखडता घेतला. मूळ गाडीतले आता उरलेच किती, असा त्याचा सवाल. मूळ भाग फारच थोडे उरले होते, हे न्यायमूर्ती ऑटन यांनीही मान्य केले. तरीही, ही गाडी कधी नाहीशी होऊन नव्याने बनवलेली नाही. ती टप्प्याटप्प्याने बदलत गेली आणि तिचा प्रवास कुठे तुटला नाही. म्हणून 'ओल्ड नंबर वन' या नावावर तिचाच हक्क आहे, असा निकाल त्यांनी दिला.

आपल्याला हा विचार नवा वाटायला नको. गावच्या देवाच्या पालखीचा दांडा बदलतो, गोंडे बदलतात, कधी पालखीच नवी होते. तरी ती देवाची तीच पालखी असते, कारण ती दरवर्षी त्याच वाटेने निघते आणि तीच माणसे तिला खांदा देतात. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी जर्मन मेबॅक मोटार दसऱ्याला दसरा चौकात येते, तेव्हा लोक तिच्या इंजिनाचे वय विचारत नाहीत. दूरचित्रवाणीचे कॅमेरेही तिच्याकडे वळतात. तिची ओळख पोलादात जितकी आहे, तितकीच त्या परंपरेतही आहे.

कायदा मात्र पोलादाकडे पाहतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच त्यात बसते. तिला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. आधीच नोंद असलेल्या गाडीला मात्र आपला जुना क्रमांक ठेवता येतो. ही तरतूद मोलाची आहे, कारण जुना क्रमांक हेच गाडीचे जुने नाव असते.

नावाचा विषय निघालाच आहे, तर भोरशेजारच्या वेल्ह्याकडे पाहू. हा डोंगराळ मुलूख एकेकाळी भोर संस्थानातच होता. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलली, गावे आणि डोंगर तेच राहिले. तोरण्याने तर याहून मोठे नामांतर सोसले आहे. शिवाजी महाराजांनी त्याला प्रचंडगड म्हटले, १७०४ मध्ये तो जिंकल्यावर औरंगजेबाने त्याला वेगळे नाव दिले. लोकांच्या तोंडी तोरणा तो तोरणाच राहिला.

राजगडाचा समावेश जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तो आहे. या यादीत वास्तूची अस्सलता ही प्रमुख कसोटी असते. म्हणजे 'तीच, की तिच्यासारखी' हा मोटारींचा प्रश्न आता संजीवनी माचीच्या तटालाही लागू झाला आहे. ढासळलेला बुरूज तसाच ठेवला, तर पुढच्या पावसाळ्यात आणखी ढासळेल. तो नवा बांधून जुना म्हणून दाखवला, तर पाहणाऱ्याची फसवणूक होईल. चुन्याच्या बांधकामात सिमेंट भरले, तर ओल आत कोंडून जुना दगडच झिजेल. गंजलेल्या पत्र्यावर झगझगीत रंग मारून गाडी विकण्यातलाच हा प्रकार.

यातून वाट आहे आणि ती आपल्याच देवळांत आहे. जीर्णोद्धार झाला, की कोणी आणि कोणत्या शकात तो केला, हे दगडावर कोरून भिंतीत बसवण्याची आपली जुनी रीत. त्या शिलालेखाने देऊळ नकली ठरत नाही. उलट, जुने किती आणि नवे किती हे कळल्यामुळे त्याच्यावरचा विश्वास वाढतो. दुरुस्त केलेल्या गाडीलाही अशी वही हवी : इंजिन कधी बदलले, पत्रा कुठे नवा लावला, रंग कोणत्या साली दिला. गडाच्या तटालाही हवी. बदल लपवला, की चांगली दुरुस्तीसुद्धा बनावट ठरते. तो लिहून ठेवला, तर तोच त्या वस्तूच्या इतिहासाचे पुढचे पान होतो.